सात बिया आणि सहा गिनी कोंबड्या

कुठलीही गोष्ट आधी तपासून, खात्री करून घ्यावी, असं मी चौतीस वर्षं वर्गात शिकवलं. हल्ली मला त्या विद्यार्थ्यांची काळजी वाटते.

मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक होतो. (होतो म्हणजे आता निवृत्त आहे. तेव्हा तरी होतो का, याबद्दल मला अधूनमधून शंका येते.) अपुऱ्या माहितीवरून निर्णय कसा घ्यावा, या विषयावर माझा प्रबंध आहे. तो लिहायला अकरा वर्षं लागली, कारण जमवलेली माहिती पुरेशी अपुरी आहे की नाही, हेच ठरत नव्हतं.

आमच्या घरामागे बायकोची भाज्यांची बाग आहे. मी मुद्दाम 'बायकोची' म्हणतो. त्या बागेत माझा दर्जा पाहुण्याचा आहे, तोही फार वेळ न थांबणाऱ्या. बागेत वांगी, भेंडी, टोमॅटो वगैरे असतात, पण तिचा जीव काकडीत. ही काकडी बाजारात मिळत नाही. आखूड, पट्ट्यापट्ट्यांची आणि कधीही कडू न निघणारी ही जात तिच्या आईने जपलेली. आई गेल्या, त्यांचं घर गेलं. आता त्यांचं म्हणून आमच्याकडे दोनच गोष्टी आहेत: एक हललेला फोटो आणि हे काकडीचं बी. दर वर्षी बायको एक काकडी वेलावरच पिकू देते, पार पिवळीधमक होईपर्यंत, आणि तिचं बी वाळवून औषधाच्या बाटलीत भरून ठेवते.

मागच्या थंडीत मला एका दुपारी काही काम नव्हतं. (सगळ्याचं मूळ तिथे आहे.) बाटली समोर दिसली आणि मनात आलं, हे बी जिवंत आहे याची खात्री कोणी केली आहे का? मी टीपकागद ओला केला, त्यावर तीस बिया मांडल्या आणि वर बशी झाकली. पाचव्या दिवशी अठ्ठावीस बियांना मोड आले. मी धावत स्वयंपाकघरात गेलो.

"त्र्याण्णव टक्के!" मी म्हणालो.

"कशाला?"

"काकडीच्या बियांची उगवण. त्र्याण्णव पूर्णांक तेहतीस."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "कुठल्या बिया घेतल्यात?"

"बाटलीतल्या. अभ्यासासाठी तीस तरी घ्याव्या लागतात. त्याहून कमी घेतल्या तर निष्कर्षाला अर्थ राहत नाही."

"बाटलीत होत्या किती?"

"सदतीस."

तिने बाटली आणून माझ्या हातात दिली. मी बाटली उजेडात धरली. तळाशी सात बिया होत्या.

"पण या सातांतल्या साडेसहा उगवणार, हे आता आपल्याला नक्की माहीत आहे," मी म्हणालो. बाहेर कडाक्याची थंडी होती. मोड आलेल्या अठ्ठावीस रोपांना कुंडीत लावून मी खिडकीत ठेवलं, रात्री पांघरूणही घातलं. आठवड्यात सगळी गेली. तिच्या आईचं बी जिवंत असल्याचं मी सिद्ध केलं होतं आणि सिद्ध करताना ते जवळजवळ संपवलं होतं.

हंगाम आल्यावर तिने उरलेल्या सात बिया लावल्या. सातही उगवल्या. (साडेसहाचा अंदाज चुकला, पण मी तो विषय काढला नाही.) रोपांना दोन दोन पानं फुटली आणि तिला मुलीच्या बाळंतपणासाठी जावं लागलं, तीन महिन्यांसाठी. निघताना तिने मला बागेच्या फाटकाशी उभं केलं.

"रोज झारीने पाणी घालायचं. बाकी काही करायचं नाही."

"काही म्हणजे?"

"काही म्हणजे काहीही नाही. विषारी फवारा मारायचा नाही, कसली तपासणी करायची नाही. एक काकडी बियाला ठेवायची, बस. पुढच्या वर्षी लावायला घरात एकही बी नाही, एवढं लक्षात ठेवा."

मी ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात वेलांवर तांबडे भुंगेरे आले. नखाएवढे, चकचकीत, आणि खायला बसले की पानाची चाळण करणारे. तीन दिवसांत दोन वेल गेले. फवारा मारायचा नव्हता. मी वाचायला बसलो, कारण संकटात मला दुसरं काही येत नाही. वाचता वाचता कळलं की गिनी कोंबड्या बागेत सोडल्या तर त्या किडे वेचून खातात, आणि साध्या कोंबडीसारखी माती उकरत नाहीत. मला वाटलं, हे फवारा मारणं नव्हे आणि तपासणीही नव्हे. म्हणजे वहीत लिहिलेल्या सूचनांचा भंग होत नाही.

गावाबाहेर एक पक्षीवाला आहे. त्याने टेंपोतून सहा गिनी कोंबड्या आणल्या. करडं अंग, त्यावर पांढरे ठिपके, टकलं डोकं, पांढराफटक चेहरा आणि काहीतरी हरवल्यासारखी नजर. मला पाहताक्षणी त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली. (नंतर आरशात पाहिल्यावर कारण कळलं.)

"काका, यांना लगेच सोडायचं नाही," पक्षीवाला म्हणाला. "सहा आठवडे कोंडून ठेवायचं. आत्ता सोडल्या तर जातील निघून."

"सहा आठवडे? आणि भुंगेऱ्यांचं काय?"

"ते तुम्ही बघा. या पक्ष्याची एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोंडलेलं असताना जे रोज दिसतं, रोज ऐकू येतं, ते त्याला घरचं वाटतं. बाकी सगळी दुनिया परकी. परकं कोणी दिसलं की ओरडणार."

"म्हणजे राखणही होईल!"

"होईल की," तो म्हणाला आणि जरा घाईनेच टेंपोत बसला.

'रोज दिसतं ते घरचं' या शब्दांखाली मी वहीत लाल रेघ मारली. या घरात आणखी एक माणूस राहतं आणि ते सध्या बाहेरगावी आहे, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं मी संख्याशास्त्र शिकवलं आणि माझ्या दोन माणसांच्या घरातली अर्धी वस्ती मोजायची विसरलो.

पुढचे सहा आठवडे बागेतली कीड मी वेचली. पहाटे भुंगेरे गारठलेले असतात, हलत नाहीत, म्हणून पहाटे उठायचं, चष्म्यावर भिंग धरायचं, एकेक भुंगेरा चिमटीत पकडून डब्यात टाकायचा. मग तो डबा घेऊन खुराड्याशी जायचं आणि भुंगेरे पक्ष्यांना भरवायचे. कीड खायला पक्षी आणले होते आणि मी पक्ष्यांसाठी किडीची शिकार करत होतो. सात वेलांपैकी अखेर एक वाचला. त्याला मात्र मी डोळ्यांत तेल घालून जपलं.

बायकोचा फोन रोज बरोबर याच वेळी यायचा. एका हातात डबा, दुसऱ्यात दाण्यांची वाटी, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून खुराड्याच्या छपरावर ठेवत असे. पक्ष्यांबद्दल मी तिला सांगितलं नव्हतं. (सांगणार होतो. योग्य वेळेची वाट पाहत होतो.)

"पाणी घातलंत?"

"घातलं."

"पाइपने घातलं असणार. आवाजावरून कळतं मला. किती वेळा सांगितलं, मुळं उघडी पडतात! तुम्हाला एक गोष्ट एकदा सांगून कळत नाही."

"झारीनेच घातलं गं."

"आणि ते मागे कोण ओरडतंय?"

"ते... शेजारी. दंतवैद्यांकडे."

"इतक्या सकाळी?"

"दाढ असेल. दाढेला वेळकाळ नसतो."

"बिचारा," ती म्हणाली. "आणि तुम्ही तिथे उभे राहून ऐकू नका. घरात जा, चहा प्या, गॅस बंद करायला विसरू नका."

आमचे शेजारी खरोखरच दंतवैद्य आहेत. त्यांचा दवाखाना घराच्या मागच्या खोलीत, म्हणजे आमच्या बागेच्या भिंतीला लागून आहे. एकदा ते स्वतः भिंतीवरून डोकावले.

"सर, तुमचे पक्षी ओरडले की बाहेर बसलेल्या पेशंटना वाटतं, मी आत कोणाला तरी काहीतरी केलं. काल दोघं उठून गेले. एकाचा तर नंबर लागला होता."

"सहा आठवड्यांचा प्रश्न आहे," मी म्हणालो. "मग त्या शांत होतील."

आणि खरंच झाल्या. सहा आठवड्यांनी मी त्यांना बागेत सोडलं, तेव्हा त्या रांगेने वाफ्यांमधून हिंडू लागल्या. टुकटुक करत भुंगेरे, अळ्या, गोगलगायी टिपू लागल्या. बाग स्वच्छ झाली. वेलाला एक काकडी अशी धरली की बघत राहावं. मी तिला मांडवाच्या काठीला फडक्याची झोळी करून बांधली. आयुष्यात पहिल्यांदा मला एक प्रयोग जमला होता, आणि बायको शनिवारी येणार होती.

ती आली. पिशव्या ओसरीवर टाकल्या आणि चप्पलही न काढता थेट बागेच्या फाटकाशी गेली. सहा माना एकदम ताठ झाल्या. मग जो आवाज सुरू झाला त्याला ओरडणं म्हणणं कमी पडेल. गंजलेल्या सहा पंपांना कोणीतरी एकदम हापसायला घ्यावं तसं होतं ते. ती फाटकावर हात ठेवून उभी राहिली. तिच्या बागेत तिलाच चोर ठरवलं जात होतं. तिने लांबूनच वेल मोजले. सात लावले होते, एक दिसत होता. तिने माझ्याकडे पाहिलं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. निरोप मुलीमार्फत यायचे. आम्ही दोघं एका खोलीत, आणि मुलगी दोनशे मैलांवर बाळाला मांडीवर घेऊन आमचा दूरध्वनी विभाग सांभाळत होती.

"बाबा, आई विचारतेय, जेवायला बसताय का?"

"तिला सांग, बसतो."

"बाबा, आई म्हणतेय, काकडीला हात लावू नका. पिकली की नाही हे तुम्हाला कळणार नाही."

"मग ती स्वतः येऊन बघेल का, विचार."

"बाबा, आई म्हणतेय, मी जायचं तर तुमच्या बागेत परवानगी कोणाची घ्यायची?"

तुमच्या बागेत! तो शब्द मला फार लागला.

मी उपाय केले. पक्ष्यांना परत कोंडून पाहिलं. जाळीतून ती दिसली की त्या दुप्पट ओरडायच्या, कारण कोंडलेल्या पक्ष्याला दुसरा उद्योग नसतो. जाळीवर चादर टाकली. तिच्या पावलांच्या आवाजाने ओरडल्या. ती रोज एकदा फाटकाशी यायची, ओठ घट्ट मिटून, लांबून त्या पिवळ्या पडत चाललेल्या काकडीकडे बघायची आणि परत जायची. ढग येऊ लागले होते. पिकलेली काकडी भिजली की आतून सडते. फार तर दोन-तीन दिवस हातात होते.

दंतवैद्यही आले. या वेळी भिंतीवरून नाही, पुढच्या दाराने. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"सर, तुम्ही मला वडिलांसारखे. पण परवा एका पेशंटने खुर्चीतच माझा हात धरला आणि म्हणाला, आधी त्या आतल्या माणसाला सोडा. मी कसं करायचं?"

मी पक्षीवाल्याला फोन लावला आणि पक्षी घेऊन जायला सांगितलं. फोन ठेवल्यावर मी खुराड्याशी जाऊन बसलो. त्या सहाही जणी माझ्या बुटांभोवती जमल्या आणि नाडी ओढायला लागल्या. पदवीदान समारंभातही माझ्याभोवती एवढी गर्दी कधी झाली नव्हती. पण बाग तिची होती आणि त्यात ती जाऊ शकत नव्हती. या हिशेबाला दुसरं उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षीवाला जाळं आणि पोती घेऊन आला. पहिली सापडली, तिने किंकाळी फोडली आणि बाकीच्या पाच जणी उधळल्या. एक छपरावर गेली, दोन भेंडीत घुसल्या.

"काका, तिकडून अडवा!"

मी अडवायला गेलो. कुठल्या बाजूने अडवावं याचा विचार करेपर्यंत एक कोंबडी माझ्या खांद्यावरून उडाली आणि थेट काकडीच्या मांडवावर जाऊन बसली. मांडव माझ्या हातचा होता. तो डावीकडे झुकला, जरा थांबला आणि कोसळला. झोळी सुटली. तिच्या आईची काकडी दगडावर पडली आणि उभी फुटली.

आत बिया होत्या. पक्ष्यांना त्या माझ्या आधी दिसल्या. पक्षीवाल्याच्या हातातली सुद्धा सुटली आणि सहाच्या सहा टकली डोकी एकदम काकडीवर वाकली. मी उभाच. मला दिसत होतं की पुढे व्हायला हवं, हाकलायला हवं. पण हाकललं आणि त्या काकडी ओढत घेऊन गेल्या तर? की आधी टोपली आणावी? की काकडीवर आडवं पडावं?

"अहोऽ!"

फाटक धाडकन उघडलं. आठ दिवस साठवलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. "उभे काय राहिलात खांबासारखे! तुम्हाला एक काम सांगून कळत नाही का? किती वेळा सांगायचं? तीन महिने घसा सुकवला मी! काय बघताय? ती काकडी उचला ना!"

बाग गप्प झाली.

सहाही माना वर झाल्या. पक्ष्यांनी काकडी सोडली. मग त्या रांगेने टुकटुक करत तिच्याकडे गेल्या आणि तिच्या पायांभोवती गोल करून, तोंड वर करून उभ्या राहिल्या. दाण्यांची वाटी यायच्या वेळी उभ्या राहतात, तशा.

पक्षीवाला जाळं घेऊन तसाच उभा होता. "काकू, हे तर तुमचेच पक्षी आहेत."

"माझे? आठ दिवसांपूर्वीपर्यंत मी यांना पाहिलं पण नव्हतं!"

"असेल. पण आवाज ओळखीचा आहे त्यांच्या. असा कायम ऐकल्यासारखा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सहा आठवडे, रोज सकाळी, खुराड्याच्या छपरावर, स्पीकरवर! त्यांच्या लेखी या घराची मालकीण हीच होती, आणि मी तिच्याकडून बोलणी खाऊन मग दाणे टाकणारा गडी. इतके दिवस त्या ओरडत होत्या, कारण फाटकाशी येणारी बाई तोंडातून एक शब्द काढत नव्हती.

मी हे सगळं घाबरत घाबरत सांगितलं. ती ऐकत होती. हाताने मात्र फुटलेली काकडी पदरात गोळा करत होती. अर्ध्याच्या वर बी शाबूत होतं.

"म्हणजे ते दाढवाले पेशंट..." ती म्हणाली.

"ह्याच."

"मी त्या माणसासाठी वाईट वाटून घेत होते रोज!" तिने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. रडते आहे असं वाटून मी पुढे झालो, तर ती हसत होती.

पक्षीवाला रिकामी पोती घेऊन गेला. बी तिने धुतलं आणि सावलीत कागदावर पसरलं. किती आहे ते मी मोजलं नाही. तिने मोजूच दिलं नाही.

तेव्हापासून ती बागेत असली की बोलत असते आणि पक्षी तिच्या मागे मागे हिंडतात. बोलण्याचा विषय बहुतेक मीच असतो, कारण तो नेहमी हाताशी असतो. दंतवैद्यांची तक्रार राहिलेली नाही. उलट ते म्हणतात की वहिनींचा आवाज ऐकून पेशंटना धीर येतो, आपल्यापेक्षा वाईट अवस्थेत कोणीतरी आहे असं वाटतं.

परवा बी वाळलं. तिने ते बाटलीत भरलं, बाटली कपाटात ठेवली, किल्ली कमरेला लावली आणि बागेत आली. मी पाणी घालत होतो. ती थोडा वेळ त्या वाळलेल्या वेलाकडे बघत उभी राहिली. मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू, मऊ आवाजात म्हणाली, "एक सांगू? दीड महिना पहाटे उठून एकेक भुंगेरा वेचलात. मला बोलला सुद्धा नाहीत. आईचं बी राहिलं ते तुमच्यामुळे."

सहा माना ताठ झाल्या, आणि मग तोच तो गंजलेल्या पंपांचा कल्लोळ सुरू झाला.

दंतवैद्य हातात चिमटा घेऊन भिंतीवरून डोकावले. "सर, काय झालं? कोण आलंय?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "ही मला चांगलं म्हणाली."

पक्ष्यांचा काही दोष नाही. तो आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. मी स्वतः इतका दचकलो की भरलेली झारी हातातून सुटली आणि थेट मेथीच्या वाफ्यात आडवी झाली. ते बघून बायकोला तिचा आवाज लगेच परत सापडला, आणि बाग शांत झाली.